'गोरी व्यक्ती' : अमेरिकी नागरिकत्वातल्या एका अटीची १६२ वर्षे

पहिला कायदा

परदेशातून आलेल्या माणसाला नागरिक करून घेण्याचा पहिला कायदा अमेरिकेच्या काँग्रेसने २६ मार्च १७९० रोजी केला. कायदा छोटा होता आणि त्यातल्या बहुतेक अटी सोप्या होत्या. देशात दोन वर्षे राहिलेला, अर्ज करायच्या राज्यात निदान एक वर्ष काढलेला आणि चांगल्या चालीचा माणूस न्यायालयात जाऊन राज्यघटनेला पाठिंबा देण्याची शपथ घेई आणि नागरिक होऊन बाहेर पडे. त्याचा धर्म कोणी विचारीत नसे, मातृभाषा विचारीत नसे, जमीनजुमला किती हेही विचारीत नसे. मात्र या साऱ्याच्या आधी एक अट होती. अर्जदार ही 'स्वतंत्र गोरी व्यक्ती' असली पाहिजे.

राष्ट्राच्या दोन निरनिराळ्या व्याख्या या कायद्यात शेजारी शेजारी बसल्या होत्या. शपथेच्या अटीप्रमाणे राष्ट्र म्हणजे काही तत्त्वे मान्य करणाऱ्यांचा समुदाय, आणि त्यात कोणालाही येता यायला हवे. रंगाच्या अटीप्रमाणे राष्ट्र म्हणजे एका वंशाचा गोतावळा, आणि त्यात जन्मावाचून शिरकाव नाही. ही विसंगती मिटायला १९५२ साल उजाडावे लागले. तत्त्वांची व्याख्या अखेर वरचढ ठरली, पण आपसूक नव्हे. ज्यांना दाराबाहेर ठेवले होते त्यांनीच त्या राष्ट्राची तत्त्वे हाती घेऊन न्यायालये गाठली, खटले हरले, पुन्हा उभे राहिले. त्यांच्या खटल्यांतूनच हा इतिहास घडला.

संस्थापकांचे दोन वारसे

४ जुलै १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याने सर्व माणसे जन्मतः समान आहेत, हे स्वयंसिद्ध सत्य म्हणून मांडले. १७९० च्या पहिल्या जनगणनेत त्याच देशात सुमारे ३९ लाख लोक मोजले गेले आणि त्यांतले जवळपास ७ लाख गुलाम होते. १७८७ च्या राज्यघटनेने नागरिकत्वाचे नियम करण्याचा अधिकार काँग्रेसला दिला, पण नागरिक कोण, याची व्याख्या केली नाही. प्रतिनिधिसंख्या ठरवताना गुलामांची गणती तीन पंचमांश करायची, एवढे मात्र तिने लिहून ठेवले.

संस्थापकांच्या लेखनातही दोन्ही सूर ऐकू येतात. घटनेच्या बाजूने १७८७ मध्ये लिहिताना जॉन जे याने अमेरिकी लोक एकाच पूर्वजांचे वंशज, एकच भाषा बोलणारे आणि एकाच धर्माचे असल्याचे सांगितले. त्याच्या पाच वर्षे आधी फ्रान्समधून येऊन न्यूयॉर्कमध्ये शेती करणाऱ्या क्रेव्हकरने याच्या नेमके उलट लिहिले होते. युरोपातल्या अनेक जातिकुळींच्या मिश्रणातून इथे नवाच माणूस तयार होत आहे, असे त्याचे म्हणणे. वस्तुस्थिती क्रेव्हकरच्या जवळची होती. एकट्या पेनसिल्व्हेनियात सुमारे एक तृतीयांश वस्ती जर्मनांची होती.

या जर्मनांबद्दल बेंजामिन फ्रँकलिनने १७५१ मध्ये जे लिहिले ते रंगाच्या अटीचा पाया किती ठिसूळ होता ते दाखवते. सॅक्सन सोडून बाकीचे जर्मन, तसेच स्पॅनिश, इटालियन, फ्रेंच, रशियन आणि स्वीडिश लोकही त्याच्या लेखी काळवंडलेल्या वर्णाचे होते. इंग्रज आणि सॅक्सन तेवढे खरे गोरे, असा त्याचा हिशेब. अवघ्या चाळीस वर्षांत हेच जर्मन नव्या कायद्याखाली बिनतक्रार 'गोरी व्यक्ती' ठरले. दरम्यान जर्मनांची कातडी बदलली नव्हती, गोरेपणाची हद्द सरकली होती.

आयरिश लोक, ड्रेड स्कॉट आणि लिंकन

१८४५ च्या बटाट्याच्या दुष्काळानंतरच्या दशकात दहा लाखांहून अधिक आयरिश लोक अमेरिकेच्या किनाऱ्यावर उतरले. कायद्याच्या दृष्टीने ते गोरे होते, पण होते कॅथलिक आणि कंगाल. त्यांच्याविरुद्ध 'नो नथिंग' नावाने ओळखली जाणारी चळवळ उभी राहिली. नागरिकत्वासाठी त्या काळी लागणाऱ्या पाच वर्षांऐवजी एकवीस वर्षे थांबायला लावावे, ही तिची मागणी. १८५६ च्या अध्यक्षीय निवडणुकीत तिच्या पक्षाचे उमेदवार मिलर्ड फिल्मोर यांना पाचांपैकी एका मतदाराने मत दिले. गोऱ्यांच्या आतही वंश आणि पंथ यांच्या पायऱ्या होत्या.

६ मार्च १८५७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ड्रेड स्कॉट या गुलामाच्या दाव्यात निकाल दिला. सरन्यायाधीश रॉजर टॉनी यांनी लिहिले की आफ्रिकी वंशाचा माणूस, गुलाम असो वा मुक्त, अमेरिकेचा नागरिक होऊ शकत नाही. जाहीरनाम्यातल्या 'सर्व माणसे' या शब्दांत तो धरलेलाच नव्हता. न्यायमूर्ती बेंजामिन कर्टिस यांनी भिन्नमत नोंदवताना टॉनींचा इतिहासच चुकीचा असल्याचे दाखवून दिले. घटना मंजूर झाली तेव्हा न्यू हॅम्पशायर, मॅसॅच्युसेट्स, न्यूयॉर्क, न्यू जर्सी आणि नॉर्थ कॅरोलायना या पाच राज्यांत मुक्त कृष्णवर्णीय मतदान करीत होते. म्हणजे ज्या 'लोकांनी' घटना केली त्यांत तेही होते.

या निकालानंतर सोळा महिन्यांनी, १० जुलै १८५८ रोजी, अब्राहम लिंकन यांनी शिकागोच्या भाषणात राष्ट्र कशाने बांधले जाते याचा थेट ऊहापोह केला. त्यांचा मुद्दा असा : दर वर्षी ४ जुलैला आपण ज्या पूर्वजांचे स्मरण करतो, त्यांच्याशी देशातल्या निम्म्या लोकांचे रक्ताचे नाते नाही. जर्मन, आयरिश, फ्रेंच आणि स्कँडिनेव्हियन लोक आपली वंशावळ १७७६ पर्यंत नेऊ गेले तर हाती काही लागत नाही. पण जाहीरनामा उघडला की त्यातल्या समतेच्या तत्त्वात त्यांना ते नाते सापडते आणि त्या तत्त्वाच्या बळावर ते संस्थापकांच्या सख्ख्या वंशजांइतकेच हक्कदार होतात. तत्त्वांवर उभ्या राष्ट्राची याहून नेमकी मांडणी त्या शतकात कोणी केली नाही. त्याच वर्षी त्यांचे प्रतिस्पर्धी स्टीफन डग्लस सभासभांतून सांगत होते की हे सरकार गोऱ्यांनी गोऱ्यांसाठी केलेले आहे. स्वतः लिंकनही त्या वेळी कृष्णवर्णीयांना पूर्ण राजकीय समता द्यायला तयार नव्हते. त्यांचे तत्त्व त्यांच्या तेव्हाच्या मतांच्या पुढे गेले होते.

यादवी युद्धानंतरचा पेच

यादवी युद्धात गुलामगिरी संपली. ९ जुलै १८६८ रोजी मंजूर झालेल्या चौदाव्या घटनादुरुस्तीने घटनेत प्रथमच नागरिकाची व्याख्या आली. अमेरिकेच्या भूमीवर जन्मलेली आणि तिच्या अधिकारकक्षेत असलेली प्रत्येक व्यक्ती नागरिक. व्याख्येत रंगाचा उल्लेख नव्हता, वंशाचा नव्हता. टॉनींचा निकाल यामुळे रद्दबातल झाला.

बाहेरून येणाऱ्यांसाठी मात्र १७९० ची अट तशीच होती. १८७० मध्ये मॅसॅच्युसेट्सचे सिनेटर चार्ल्स सम्नर यांनी नागरिकत्वाच्या कायद्यांतून 'गोरा' हा शब्द सरसकट काढून टाकण्याची सूचना मांडली. ४ जुलैलाही सिनेट या विषयावर बसली होती. जाहीरनाम्याच्या वाढदिवशी तरी त्यातले शब्द खरे करा, असे सम्नर यांचे आवाहन होते. पश्चिमेकडच्या राज्यांतल्या सिनेटरांनी चिनी मजुरांचा बागुलबुवा उभा केला आणि सूचना पडली. तडजोड म्हणून 'आफ्रिकेत जन्मलेले व आफ्रिकी वंशाचे' एवढीच भर कायद्यात पडली. आता गोरे आणि काळे दोघेही नागरिक होऊ शकत होते. मधल्या साऱ्या जगाचे काय, हा प्रश्न कायद्याने उघडा ठेवला.

गुलामगिरी मोडण्याच्या या लढ्याचे पडसाद पुण्यापर्यंत पोहोचले होते. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये प्रसिद्ध झालेले 'गुलामगिरी' हे पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकी लोकांना अर्पण केले. त्यांचे उदाहरण समोर ठेवून आपल्या देशबांधवांनीही शूद्रांना जातीच्या दास्यातून सोडवावे, ही त्यांची इच्छा होती. जन्मावरून माणसाची किंमत ठरवणारी व्यवस्था मोडता येते, याचा दाखला जोतीरावांना अमेरिकेत दिसला. तिचा जो अर्धा भाग अजून मोडायचा राहिला होता, तो पुढची ऐंशी वर्षे न्यायालयांत गाजत राहिला.

जन्माचे दार

१८४९ च्या सोन्याच्या लाटेत चिनी माणसे कॅलिफोर्नियात आली. १८६९ मध्ये पुऱ्या झालेल्या आंतरखंडीय रेल्वेचा पश्चिमेकडचा मार्ग मुख्यतः त्यांच्याच हातांनी सिएरा नेवाडाचे डोंगर फोडून काढला होता. १८७८ मध्ये आह युप या चिनी अर्जदाराला कॅलिफोर्नियाच्या संघीय न्यायालयाने नागरिकत्व नाकारले. मंगोल वंशाचा माणूस गोरा नव्हे, असे त्याचे कारण देण्यात आले. १८८२ च्या चिनी बहिष्कार कायद्याने चिनी मजुरांना देशात यायलाच बंदी केली आणि कोणत्याही न्यायालयाने चिनी माणसाला नागरिकत्व देऊ नये, असे स्पष्ट बजावले.

तरीही चौदाव्या दुरुस्तीचे दार उघडे होते. वाँग किम आर्क सॅन फ्रान्सिस्कोत चिनी आईबापांच्या पोटी जन्मला आणि तिथेच स्वयंपाकी म्हणून काम करू लागला. १८९५ मध्ये चीनची फेरी करून तो परतला, तेव्हा बंदरावरच्या अधिकाऱ्याने तो नागरिक नसल्याचे सांगून त्याला उतरू दिले नाही. खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. २८ मार्च १८९८ रोजी सहा विरुद्ध दोन मतांनी निकाल लागला. ज्यांचे आईबाप नागरिक होऊच शकत नाहीत असे मूलही अमेरिकेत जन्मले तर नागरिकच आहे.

या दाराबाहेरही काही जण राहिलेच, आणि तेही त्या भूमीचे सर्वांत जुने रहिवासी. जमात सोडून ओमाहा शहरात राहायला आलेल्या जॉन एल्क या मूळनिवासी माणसाला मतदार म्हणून नोंदवून घेतले नाही. जमातीत जन्मलेला माणूस पूर्णपणे अमेरिकेच्या अधिकारकक्षेत जन्मत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १८८४ मध्ये ठरवले. सर्व मूळनिवाशांना नागरिकत्व मिळाले ते १९२४ मध्ये.

न्यायालयात मोजलेला रंग

१८७८ ते १९५२ या काळात 'गोरी व्यक्ती' कोण, हे ठरवणारे ५२ निकाल न्यायालयीन अहवालांत नोंदले गेले. एक अपवाद सोडता प्रत्येक अर्जदाराने आपण गोरे असल्याचाच दावा केला. न्यायाधीशांपुढे कसोट्या अनेक होत्या. कातडीचा रंग पाहायचा, की मानववंशशास्त्रज्ञांचे ग्रंथ, की भूगोल, की लोकांची समजूत? आज एक कसोटी लागे, उद्या दुसरी.

१९१० मध्ये अब्बा डोला या कलकत्त्यात जन्मलेल्या अफगाण व्यापाऱ्याचा अर्ज जॉर्जिया राज्यातल्या सव्हाना येथे सुनावणीस आला. न्यायाधीशांनी त्याला बाही वर सरकवायला सांगितली. उन्हाने रापलेल्या हातांच्या वरची त्वचा उजळ होती आणि तिच्यातून निळ्या शिरा दिसत होत्या. गोऱ्यांसाठी राखलेल्या स्मशानात त्याने जागा विकत घेतली होती, हाही पुरावा त्याच्या बाजूने धरला गेला. डोला नागरिक झाला. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या अपील न्यायालयाने मुंबईचे पारशी व्यापारी भिकाजी बलसारा यांना गोरे ठरवून त्यांचे नागरिकत्व कायम केले. १९१३ मध्ये वॉशिंग्टन राज्यात अक्षयकुमार मोझुमदार यांना उच्चवर्णीय हिंदू म्हणून नागरिकत्व मिळाले. १९१७ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या न्यायालयाने मात्र एका शीख अर्जदाराला गोरा मानायला नकार दिला. सीरियन लोकांना काही न्यायालयांनी नाकारले, तर १९१५ मध्ये अपील न्यायालयाने स्वीकारले. एकाच देशाच्या एकाच कायद्याखाली माणसाचा वंश न्यायालयागणिक बदलत होता.

ओझावा आणि थिंड

हा गोंधळ मिटवण्याची वेळ सर्वोच्च न्यायालयावर १९२२ मध्ये आली. ताकाओ ओझावा जपानमधून १८९४ मध्ये आलेले. बर्कलीच्या हायस्कुलात आणि कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकून ते होनोलुलूत स्थायिक झाले होते. आपल्या निवेदनात त्यांनी स्वतःच्या आयुष्याचा हिशेब मांडला. घरात इंग्रजी बोलतो. मुले अमेरिकी शाळेत आणि अमेरिकी चर्चमध्ये जातात. लग्नाची किंवा मुलांच्या जन्माची नोंद जपानी वकिलातीत केलेली नाही. बेनेडिक्ट अर्नॉल्ड हा स्वातंत्र्ययुद्धातला सेनापती नावाने अमेरिकी असून मनाने फितूर निघाला, आपण मात्र नावाने अमेरिकी नसलो तरी मनाने आहोत, असेही त्यांनी लिहिले. तत्त्वे आणि आचरण हीच राष्ट्रीयत्वाची कसोटी असेल, तर याहून भक्कम अर्ज सापडणे कठीण होते.

१३ नोव्हेंबर १९२२ रोजी न्यायमूर्ती जॉर्ज सदरलँड यांनी एकमताचा निकाल वाचला. ओझावा यांचे चारित्र्य आणि शिक्षण यांबद्दल न्यायालयाला शंका नव्हती. पण 'गोरा' म्हणजे कॉकेशियन वंशाचा, आणि जपानी माणूस कॉकेशियन नव्हे. निकाल लिहिणारे सदरलँड स्वतः इंग्लंडमध्ये जन्मून तान्हेपणी अमेरिकेत आलेले होते.

भगतसिंग थिंड यांना या निकालाने आशा वाटली असणार. पंजाबातून १९१३ मध्ये आलेले थिंड ऑरेगॉनच्या लाकूड-गिरण्यांत राबले आणि १९१८ मध्ये पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात भरती झाले. डिसेंबर १९१८ मध्ये मिळालेले नागरिकत्व चार दिवसांत काढून घेण्यात आले. १९२० मध्ये ऑरेगॉनच्या न्यायालयाने ते पुन्हा दिले आणि सरकारने अपील केले. त्या काळच्या वंशशास्त्रानुसार उत्तर भारतीय लोक कॉकेशियन गटात मोडत. मग ओझावा निकालाची कसोटी लावली तर थिंड गोरेच ठरत होते.

१९ फेब्रुवारी १९२३ रोजी, म्हणजे अवघ्या तीन महिन्यांनी, त्याच सदरलँड यांनी ती कसोटी बाजूला सारली. कायद्यातले शब्द शास्त्रज्ञांचे नाहीत, सामान्य माणसाच्या बोलीतले आहेत. आणि सामान्य अमेरिकी माणूस हिंदी माणसाला गोरा म्हणत नाही. जपानी माणसाला वंशशास्त्र दाखवून बाहेर ठेवले, आणि भारतीयाच्या बाजूने वंशशास्त्र उभे राहिले तेव्हा लोकांची समजूत पुढे केली. रंगाच्या अटीला कोणतीही सुसंगत व्याख्या नव्हती, हे देशातल्या सर्वोच्च न्यायपीठाच्या दोन निकालांनीच सिद्ध केले.

थिंड यांच्या युक्तिवादाची एक बाजू भारतीय वाचकाने नजरेआड करू नये. त्यांच्या वतीने असे मांडले गेले की उच्चवर्णीय हिंदू इथल्या आदिवासींकडे त्याच तिरस्काराने पाहतो, ज्या तिरस्काराने अमेरिकी गोरा कृष्णवर्णीयाकडे पाहतो. जातीचा विटाळ हा गोरेपणाचा पुरावा म्हणून सादर झाला. जोतीरावांनी ज्या अमेरिकेला गुलामगिरी मोडल्याबद्दल वंदन केले, तिच्याच न्यायालयात पन्नास वर्षांनी जातिव्यवस्था भूषण म्हणून मिरवली गेली. याच्या सात वर्षे आधी, ९ मे १९१६ रोजी, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात भीमराव आंबेडकर या तरुण विद्यार्थ्याने जातींच्या उगमावर निबंध वाचला होता. वंशाच्या दृष्टीने सगळेच समाज मिश्र असतात आणि लोकांना जोडणारा धागा संस्कृतीचा असतो, असे त्यात म्हटले होते. वंशशुद्धीवर उभा केलेला थिंड यांचा दावा पाहता, आंबेडकरांनी त्या युक्तिवादाच्या मुळावरच आधी बोट ठेवले होते.

निकालाचे परिणाम

निकाल लागताच सरकारने आधी नागरिक झालेल्या भारतीयांची नागरिकत्वे रद्द करण्याचा सपाटा लावला. त्याचे परिणाम कागदापुरते नव्हते. कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत नागरिक होण्यास अपात्र असलेल्या परदेशियाला शेतजमीन घेता येत नसे. १९२२ च्या केबल कायद्यानुसार अशा माणसाशी लग्न करणारी अमेरिकी स्त्री स्वतःचेही नागरिकत्व गमावून बसे.

पेशावरहून १९१५ मध्ये बायको-मुलांसह आलेले वैष्णो दास बगई १९२१ मध्ये नागरिक झाले होते. सॅन फ्रान्सिस्कोत त्यांचे दुकान होते. नागरिकत्व गेल्यावर ते कोणत्याच देशाचे राहिले नाहीत आणि मालमत्तेचे हक्कही गेले. ब्रिटिश सत्तेपासून दूर जायला घर सोडलेल्या या माणसाला प्रवासासाठी ब्रिटिश पासपोर्ट घेण्याचा सल्ला देण्यात आला. १९२८ मध्ये त्यांनी आयुष्य संपवले आणि वृत्तपत्रासाठी ठेवलेल्या पत्रात या अन्यायाची नोंद करून ठेवली.

सखाराम गणेश पंडित हे थिंड यांच्या बाजूने लढलेले वकील. १९१४ मध्ये नागरिक झालेल्या पंडितांवरही सरकारने खटला भरला. पंडितांनी वंशाचा वाद टाळला आणि कायद्याचे तत्त्व धरले. न्यायालयाने एकदा रीतसर दिलेला निर्णय, ज्यावर विसंबून माणसाने व्यवसाय उभारला, लग्न केले, घर घेतले, तो सरकारला वर्षांनंतर उकरून काढता येणार नाही. १९२६ मध्ये अपील न्यायालयाने ते मान्य केले आणि १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दखल घ्यायचे नाकारले. त्यानंतर सरकारने उरलेले खटले सोडून दिले. पंडित जिंकले ते 'गोरा' या शब्दाला हात न लावता.

कोटा आणि कढई

याच सुमारास देशाचे दारही वंश पाहून उघडू लागले. १९१७ च्या कायद्याने भारतासह आशियाचा मोठा पट्टा बंद केला. १९२४ च्या कायद्याने प्रत्येक देशाला १८९० च्या जनगणनेतल्या त्याच्या लोकांच्या दोन टक्के इतका कोटा दिला. १८९० निवडण्याचे कारण उघड होते. इटली, पोलंड आणि रशिया इथून मोठे लोंढे आले ते त्यानंतर. नागरिक होण्यास अपात्र ठरलेल्यांना या कायद्याने प्रवेशच नाकारला, त्यामुळे ओझावा आणि थिंड यांच्यावरचे निकाल सीमेवर जाऊन बसले.

जे आत आले होते त्यांना एकसाची करण्याचे प्रयत्नही जोरात होते. मिशिगनमध्ये फोर्ड मोटार कंपनीच्या इंग्रजी शाळेचा पदवीदान समारंभ त्याचा नमुना आहे. रंगमंचावर मोठी कढई मांडलेली असे. कामगार आपापल्या देशाच्या पोशाखात एका जहाजाच्या देखाव्यातून उतरून कढईत शिरत, शिक्षक मोठ्या पळ्यांनी ढवळत, आणि कामगार अमेरिकी कपड्यांत, हातात झेंडा घेऊन बाहेर येत. तत्त्वज्ञ होरेस कॅलन यांनी १९१५ मध्ये या कल्पनेला विरोध केला. निरनिराळे समाज आपापली भाषा आणि रीती राखून एका लोकशाहीत नांदू शकतात, आणि तेच लोकशाहीला धरून आहे, अशी त्यांची मांडणी होती.

अट मोडली ती कशी

थिंड यांना १९३६ मध्ये तिसऱ्यांदा आणि कायमचे नागरिकत्व मिळाले, ते पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांसाठी आदल्या वर्षी झालेल्या कायद्यामुळे. रंगाची अट खऱ्या अर्थाने हलवली ती दुसऱ्या महायुद्धाने. नाझी वंशवादाशी लढणारा देश स्वतःच्या कायद्यात वंश बाळगून होता, आणि जपान आशियात या विसंगतीचा प्रचार करीत होता. डिसेंबर १९४३ मध्ये मित्रराष्ट्र चीनसाठी बहिष्काराचा कायदा रद्द झाला, मात्र वार्षिक कोटा अवघा १०५ चा ठेवण्यात आला. भारतीयांसाठी जे. जे. सिंग यांच्या इंडिया लीग ऑफ अमेरिकाने वॉशिंग्टनमध्ये वर्षानुवर्षे खटपट केली. २ जुलै १९४६ रोजी भारतीय आणि फिलिपिनो लोकांना नागरिकत्वाचा हक्क मिळाला, आणि भारताच्या वाट्याला वर्षाला १०० जणांचा कोटा आला.

त्याच युद्धात तत्त्वाचा घोर भंगही झाला. १९ फेब्रुवारी १९४२ च्या अध्यक्षीय आदेशानंतर पश्चिम किनाऱ्यावरच्या सुमारे १ लाख २० हजार जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबण्यात आले. त्यांतले दोन तृतीयांश जन्माने अमेरिकी नागरिक होते. कागदावरचे नागरिकत्व त्यांना वाचवू शकले नाही. काँग्रेसने १९८८ मध्ये याबद्दल माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला २० हजार डॉलरची भरपाई दिली.

१९५२ च्या मॅकॅरन-वॉल्टर कायद्याने नागरिकत्वासाठी वंशाची अट पूर्णपणे काढून टाकली. वंशावर बेतलेले प्रवेशाचे कोटे मात्र त्यात राहिले, म्हणून अध्यक्ष ट्रुमन यांनी नकाराधिकार वापरला आणि काँग्रेसने तो उलथवून कायदा केला. ते कोटे गेले १९६५ मध्ये. लिबर्टी बेटावर ३ ऑक्टोबरला अध्यक्ष जॉन्सन यांनी नव्या कायद्यावर सही केली. महाराष्ट्रातून डॉक्टर आणि इंजिनियर मोठ्या संख्येने अमेरिकेत जाऊ लागले ते या कायद्यानंतर.

तत्त्वांच्याही मर्यादा

वंशाची अट गेल्यावर शपथ, घटनेचे आणि इतिहासाचे ज्ञान, इंग्रजी भाषा, ठरावीक वर्षांचे वास्तव्य आणि चारित्र्य या अटी उरल्या. पण तत्त्वांवरची ओळखही कोणाला तरी वगळू शकते, हेही याच इतिहासात दिसते. १९०३ च्या कायद्याने अराज्यवाद्यांना देशात यायला बंदी केली. १९५२ च्या ज्या कायद्याने वंश काढला त्यानेच कम्युनिस्टांना दार बंद केले. रंगाऐवजी विचार तपासले जाऊ लागले. मात्र या दोन वगळणुकींत मोठा फरक आहे. विचारांवरच्या बंदीशी वाद घालता येतो, ती राष्ट्राच्याच स्वातंत्र्याच्या तत्त्वाशी विसंगत आहे हे दाखवता येते. जन्मावरच्या बंदीपुढे माणसाची कोणतीही कृती कामाला येत नाही. ओझावा यांचे सारे आयुष्य त्याची साक्ष आहे.

दलीपसिंग सौंद १९२० मध्ये अमेरिकेत आले, गणितात डॉक्टरेट मिळवली आणि कॅलिफोर्नियात शेतीत उतरले, तरी १९४६ च्या कायद्यापर्यंत ते नागरिक होऊ शकले नाहीत. १९४९ मध्ये ते नागरिक झाले आणि १९५६ मध्ये काँग्रेसवर निवडून गेले. तिथे पोहोचलेले ते पहिले आशियाई वंशाचे सदस्य. २०२२ मध्ये डेट्रॉइट भागातून निवडून आलेले श्री ठाणेदार हे बेळगावचे मराठी भाषक.

जुना वाद तरीही संपलेला नाही. २० जानेवारी २०२५ रोजी अध्यक्ष ट्रम्प यांनी बेकायदा किंवा तात्पुरत्या वास्तव्यातल्या पालकांच्या अमेरिकेत जन्मलेल्या मुलांना नागरिक न मानण्याचा आदेश काढला. त्याला लगेच न्यायालयांत आव्हान दिले गेले आणि चौदाव्या दुरुस्तीबरोबर वाँग किम आर्कचा निकाल पुन्हा वादाच्या केंद्रस्थानी आला.

१७९० पासूनच्या या नोंदींतून एक गोष्ट स्पष्ट होते. वंशाची व्याख्या न्यायाधीशांना, शास्त्रज्ञांना आणि कायदेमंडळालाही कधी नीट करता आली नाही. फ्रँकलिनच्या जर्मनांपासून थिंड यांच्यापर्यंत तिची हद्द सोयीप्रमाणे सरकत राहिली. तत्त्वे त्याच काळात अनेकदा पायदळी तुडवली गेली. पण ती लिहिलेली होती, सर्वांना उद्देशून लिहिलेली होती, आणि म्हणून गुलामाचा वकील, चिनी स्वयंपाकी किंवा जपानहून आलेला विद्यार्थी त्यांच्या आधारे उभा राहू शकला. राष्ट्राची ओळख तत्त्वांवर टिकायची, तर ती तत्त्वे कायद्यात लिहिलेली असावी लागतात आणि त्यांचा हक्क सांगणाऱ्या प्रत्येकासाठी न्यायालयाचे दार उघडे असावे लागते.